नाणं बदलून मिळालं

आयुष्यात मी एकच लढा पूर्ण जिंकले आणि त्यात आमचा मामा बुडाला.

मामा मूल गावच्या राइस मिलमध्ये वजनकाट्यावर असतो आणि नाणी जमवतो. रविवारी चंद्रपूरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात त्याला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. गुरुवारी तो मिलमध्ये गेल्यावर मी त्याची पेटी उघडली. त्यातलं दोन रुपयांचं एक नाणं पाहून माझं रक्तच उसळलं. ठसा एका बाजूला घसरलेला, अर्धा भाग कोरा, वरून आडवा काळा पट्टा. गरीब माणसाच्या हातात असलं नाणं? (मी अंकलिपीच्या आधी मोर्चाची पत्रकं वाचलेली आहेत.)

थेट बँक गाठली आणि नाणं काउंटरवर आपटलं.

"हे काय आहे?"

कॅशियरनं चष्मा पुसला. नाणं उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं.

"मॅडम, हे... बदलून पाहिजे?"

"पाहिजे नाही, हक्क आहे!"

"बरोबर आहे तुमचं," म्हणत त्यानं नवं कोरं नाणं दिलं. तेही स्वतःच्या खिशातून! (असा अधिकारी मी जन्मात पाहिला नव्हता.) मी तिथंच छोटंसं भाषण केलं आणि अख्ख्या रांगेला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

संध्याकाळी मामानं पेटी उघडली.

"हे काऊन चमकून राह्यलं व?"

"बदलून आणलं."

मामा खाली बसला. "माय, टांकसाळीत मशीन चुकते तवा असं एखांदं नाणं निघते. त्याच्यासाठीच तं टेबल भेटलं होतं मले."

"आणि तो काळा पट्टा?"

"रबर गुंडाळून ठेवलं होतं, त्यानं काळं पडलं. तेवढी चूक माही. बाकी तुही."

शुक्रवारी आम्ही दोघं बँकेत. कॅशियर अत्यंत नम्र.

"भाऊ, मी कुठी मागतलं? यायनंच दिलं. साऱ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, इचारा कोणालेबी."

तोही नाणी जमवायचा. रविवारी त्याचं टेबल नेमकं आमच्या शेजारी लागलं, आणि त्याच्यापुढे ही गर्दी!

मामानं आपल्या टेबलाच्या मधोमध ते चकचकीत नाणं मांडलं आणि शेजारी मला उभं केलं. एका म्हाताऱ्या काकांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"याच्यात खोट काय आहे भाऊ? मले तं दिसून नाई राह्यली."

"नाण्यात नाई," मामानं माझ्याकडे बोट केलं. "खोट इथी उभी आहे."

काकांनी भिंग माझ्याकडे वळवलं.