विहीणबाईंसाठी इंग्रजी

आमची सून कोइंबतूरची. बँकेतल्या बदलीवर खामगावला आली आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या मुलाशी तिचं जमलं. मराठी ती काउंटरवर, गिऱ्हाइकांशी बोलता बोलता शिकली, त्यामुळे बोलते अस्सल वऱ्हाडी. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिने "मले भूक लागून राह्यली" म्हटलं, की "मला भूक लागली आहे" असं दुरुस्त करायची माझी खोड. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुन्हा "मले"च म्हणायची.

तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केली. बाळंतपणाला तिला माहेरी जाता येईना, म्हणून तिची आईच आमच्याकडे यायची ठरली. विहीणबाईंना तमिळ आणि इंग्रजी येई, हिंदी नावापुरती. माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचण्याइतपत. लग्नात आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून हसत वेळ मारून नेली होती. पण महिनाभर नुसती हसत राहिले तर बाई मला वेडी समजतील, या धास्तीने मी मोबाइलवर रोजच्या इंग्रजीचे व्हिडिओ पाहायला लागले.

सराव करायला घरात हेच होते.

"वुड यू लाइक सम मोअर टी?" मी विचारलं.

"आंधी पयला त दे," हे म्हणाले.

विहीणबाई आल्या, पाठोपाठ नातूही आला. सून दवाखान्यातून घरी आली आणि विहीणबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हाताला चव अशी, की मी रोज नको तेवढं जेवायची. पण "पुरे, पुरे" म्हणून हात आडवा केला, की त्या आणखी वाढत. मी "पुरे" म्हणत होते, त्यांना ते हिंदीतलं "पूरा" वाटत होतं. मग पातेलं माझ्या ताटात पुरं रिकामं व्हायचं.

पोट भरलं, हे इंग्रजीत सांगायलाच हवं होतं. व्हिडिओत ते वाक्य सापडेना. मग मी माझं व्याकरण चालवलं. फीड म्हणजे खाऊ घालणे, त्याचा भूतकाळ फेड, आणि अप म्हणजे वर. अगदी गळ्यापर्यंत खाऊ घातलेली! माझं मलाच कौतुक वाटलं. रात्री त्यांनी सांबाराची पळी उचलली तशी मी छातीवर हात ठेवून, मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आय ॲम फेड अप विथ युवर सांबार."

पळी हवेतच थांबली. "ओके," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. किती पटकन समजलं यांना, असं मनात म्हणत मी हात धुवायला उठले.

सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होत्या, चेहरा उतरलेला. लेकीसाठी जागरणं करून थकल्या असतील, असं मला वाटलं. जरा जाऊन पडा, इथलं मी बघते, एवढंच सांगायचं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "यू टायर्ड. यू कॅन गो. आय मॅनेज."

त्या उठल्या आणि आत गेल्या. मी समाधानाने डाळ निवडायला बसले. थोड्या वेळाने सुनेची हाक आली.

"आई, तुमी अम्माले जा म्हनलं? थे तिकिटाचं पाहून राह्यली!"

माझ्या हातातलं ताट डाळीसकट खाली गेलं. मी झालेलं सगळं सांगितलं. सांबारापर्यंत आले तशी सुनेने बाळ बाजूला ठेवलं आणि पोट धरलं. "नका हासवू हो आई, टाके दुखून राह्यले!"

मग तिने आईला तमिळमध्ये समजावलं. मी दारात उभी. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून गदागदा हसल्या. सुनेने भाषांतर केलं, "थे म्हनते, मले वाटलं सासू लय डेंजर हाय. लेकीचं कसं होईन?"

त्या दिवशी दुपारी मी न बोलता तीनदा सांबार घेतलं.

पुढे मी व्हिडिओ बंद केले. जी वस्तू हातात असेल तिचं नाव त्या इंग्रजीत सांगत, मी मराठीत सांगे. बाळाला ढेकर यावा म्हणून खांद्यावर घेतलं तेव्हा "बर्प" शिकले. हा शब्द मी मरेपर्यंत विसरायची नाही, कारण त्याच क्षणी बाळाने माझ्या पदरावर दूध काढलं. बाजारात भेंडी घेताना त्या "कितीले?" म्हणायला लागल्या. मी "कितीला" असं दुरुस्त करायला गेले, तर भाजीवालीच मला म्हणाली, "बाई, त्यायचं बराबर हाय."

बारसं करून विहीणबाई गेल्या. आता दिवाळीनंतर आम्ही कोइंबतूरला जाणार आहोत, म्हणून मी तमिळचे व्हिडिओ लावले. पहिलंच वाक्य मोठ्या ऐटीत सुनेला म्हणून दाखवलं. तिने ते ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं आणि माझ्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "तिथं गेल्यावर तुमी फकस्त हासत राहा."