आबांचा संध्याकाळचा ग्लास

तारीख चौदा नोव्हेंबर, वार शुक्रवार, सकाळचे साडेआठ. रक्कम एक हजार रुपये, म्हशीमागे दोनशे. त्यातले सहाशे माझे, कारण माझ्या म्हशी तीन. चारशे धाकट्या भावाचे, त्याच्या दोन. हजर: मी, धाकटा, खुर्चीवर आबा म्हणजे आमचे वडील, आणि प्रयोगशाळेतून आलेली मुलगी, जिनं पैसे दिले आणि सह्या घेतल्या.

मुलगी नेसरीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. दुभत्या जनावराला कासदाह होतो, आमच्याकडे त्याला दगडी म्हणतात. त्याच्या जंतूंवर तिचं संशोधन चाललं होतं. काही जंतू आता औषधाला दाद देत नाहीत. ते का, हे त्यांच्या डीएनएत शोधायचं. त्यासाठी शहरातल्या गोठ्यांमधून दूध हवं होतं. आमचे दोन गोठे शेजारी शेजारी आहेत, मध्ये वाटणीच्या वेळी घातलेली भिंत. भिंतीच्या माझ्या बाजूला फरशी आहे, उताराची गटार आहे, रोज दोनदा पाणी मारलं जातं. पलीकडे काय आहे ते मी लिहीत नाही.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरचा हिशोब बघतो. म्हशी ही माझी जोडकमाई. धाकट्याचं मात्र पोट त्यावरच. रोज संध्याकाळी तो एक म्हैस घेऊन दूध कट्ट्यावर उभा राहतो. गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा. कोमट, कच्चं, धारोष्ण. कोल्हापुरात हे नवं नाही, आमचे आबाही पूर्वी तिथंच उभे असायचे.

आबा राहतात माझ्याकडे. जेवतात माझ्या घरी, गोळ्या मी आणतो, चष्मा मी बदलून दिला. पण संध्याकाळचा दुधाचा ग्लास ते कट्ट्यावर जाऊन धाकट्याच्या हातचा पितात. गुडघे दुखतात म्हणून स्कूटरवरून मीच नेतो. ते ग्लास संपवतात, मिशी पुसतात, खिशातून तीस रुपये काढून धाकट्याला देतात आणि तो घेतो. मी स्कूटरवर बसून असतो, गाडी चालू ठेवून. घरात माझ्या तीन म्हशींचं दूध असतं. मला त्या ग्लासाचा हेवा वाटायचा आणि त्या तीस रुपयांचाही. मला आबांनी कधी दुधाचे पैसे दिले नाहीत. मी घेतलेही नसते, तो प्रश्न नाही.

एकदा मी विचारलं होतं, "आबा, घरच्या दुधात काय कमी हाय?"

"काय न्हाय की."

"मग?"

"तू ग्लास देतोस आणि वर किती मिली ते बी सांगतोस."

तर नमुने. मुलीनं आदल्या दिवशी झाकणाच्या निर्जंतुक बाटल्या देऊन ठेवल्या होत्या. सकाळी मी स्वतः येऊन दूध काढून घेते, बाटली उघडू नका, असं सांगून गेली. मी रजा टाकली, पहाटे उठून गोठा धुतला, म्हशींच्या कासा धुतल्या. ती आली आणि आधी पलीकडे गेली. तिथं हसणं ऐकू यायला लागलं. आबांची खुर्चीही पलीकडेच नेली होती. धाकट्याच्या बायकोनं चहा केला, मग पोहे केले. माझ्या म्हशी पान्हवून उभ्या. शेवटी मीच धारा काढल्या, प्रत्येकीचं दूध वेगळं ठेवलं.

तरी ती येईना. आता कच्चं दूध ताटकळत ठेवून पाहुण्याला देणं आमच्या घरात बसत नाही. दूध नासलं तर नाव कुणाचं जाणार? म्हणून मी तिन्ही दुधं वेगवेगळ्या पातेल्यांत नीट तापवली, गार केली, साय काढली आणि बाटल्या भरल्या. मुलगी घाईघाईनं आली तेव्हा बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर म्हशीच्या कानातला बिल्ला नंबर.

"काका, तुम्हीच काढून ठेवलं?"

"वेळेवर."

ती जरा थांबली, घड्याळ बघितलं आणि बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. पलीकडे दीड तास आणि माझ्याकडे पाच मिनिटं. मग सह्या आणि पैसे, ते वर लिहिलंच आहे.

आठवड्यानं तिनं आम्हा दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. काचेसारख्या पारदर्शक चपट्या डब्या होत्या, आत जेलीसारखा थर. त्यावर दुधाचा थेंब पसरून उबेत ठेवला की जंतू वाढतात आणि त्यांचे ठिपके दिसतात. धाकट्याच्या एका म्हशीच्या डबीवर पिवळेधमक ठिपके उठले होते, मोहरी सांडावी तसे. माझ्या तिन्ही डब्या कोऱ्या.

"काकांच्याकडे काहीच वाढलं नाही," ती म्हणाली.

मी धाकट्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर लाज असेल असं मला वाटलं होतं. तो डबीवर वाकला होता.

"हे माझ्या म्हशीचं हाय?"

"हो. आणि हा साधासुधा नाही. नेहमीची दोन औषधं याला लागूच पडत नाहीत. आम्ही याचा डीएनए काढून पुढं तपासणार आहोत."

"फोटो काढू का?"

त्यानं फोटो काढला. तिनं माझ्या कोऱ्या डब्या बाजूला सारून त्याच्या डबीवर उजेड पाडून दिला.

घरी आल्यावर मी आबांपुढं बसलो. इतकी वर्षं मनात होतं ते आता विद्यापीठात शिकलेल्या माणसानं कागदावर दिलं होतं.

"आबा, कट्ट्यावरचं दूध बंद करा. त्याच्या म्हशीला दगडी हाय. वरून दिसत न्हाय, पण दुधात जंतू हाईत."

"कुणी सांगितलं?"

"प्रयोगशाळेनं."

"आणि तुझ्या म्हशींचं?"

"स्वच्छ. तिन्ही."

आबा मग म्हणाले, "आण मग तुझं."

त्या संध्याकाळी ते माझ्या घरी, माझ्या म्हशीचं दूध, धार काढल्या काढल्या प्याले. मी किती मिली ते सांगितलं नाही. ग्लास खाली ठेवून त्यांनी मिशी पुसली आणि चप्पल घातली.

"कुठं?"

"पलीकडं. त्याच्या म्हशीवर संकट आलंय."

पुढचे दिवस असे गेले की मला माझ्याच स्वच्छतेचा राग यायला लागला. मुलगी दर दोन-तीन दिवसांनी पलीकडे यायची. जनावरांचे डॉक्टर पलीकडे. प्रयोगशाळेचे प्रमुख एकदा स्वतः आले, तेही पलीकडे. धाकट्यानं ती म्हैस कट्ट्यावर नेणं थांबवलं होतं आणि दुसरी आटत आलेली, त्यामुळं त्याचा संध्याकाळचा धंदा बंद होता. हे मला कळत होतं. पण आबा दूध माझं पिऊन बसायला तिकडे जात होते, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. गल्लीतले लोक विचारायचे, "तुझ्या भावाच्या म्हशीत नवा जंतू गावला म्हणं?" माझ्या म्हशींत काही सापडलं नाही, हे कुणी विचारायला आलं नाही. रोग न होणं ही बातमी नसते.

धाकटा फोटो सगळ्यांना दाखवायचा. एकदा मलाच दाखवायला लागला.

"बघितलाय मी," मी म्हणालो.

"दादा, मोठा करून बघ की. सोन्यासारखा रंग हाय."

"रोग हाय तो."

"व्हय. पण माझ्या म्हशीचा हाय."

डिसेंबरात एका रविवारी मुलगी आली ती थेट माझ्या गोठ्यात. मला बरं वाटलं, मी खुर्ची पुसली. ती बसली नाही.

"काका, खरं सांगायचं हं. त्या दिवशीचं दूध तापवलं होतं का?"

"तापवलं होतं. न तापवता देईन व्हय?"

तिनं डोळे मिटले. मग मला समजेल असं सांगितलं. डबीत फक्त जिवंत जंतू वाढतो, तापवल्यावर तो मरतो. पण मेला तरी त्याचा डीएनए दुधात राहतो. त्यांच्या यंत्रात डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढतात. तुकडा असला तर यंत्र दाखवतं, नसला तर नाही. माझी दुधं तिनं तुलनेसाठी लावली होती, निरोगी म्हणून. आणि तीनपैकी एका दुधात यंत्रानं तो तुकडा दाखवला. चूक तिचीही होती, तिनं स्वतः धार काढायला हवी होती, असं ती म्हणाली. प्रयोगशाळेचे साहेब तिला त्यावरून बोललेही होते.

"कोणती म्हैस?"

तिनं बिल्ला नंबर सांगितला. आबांचा ग्लास ज्या म्हशीचा जात होता, तीच.

त्याच दिवशी तिनं तिन्ही म्हशींची दुधं पुन्हा घेतली, या वेळी स्वतःच्या हातानं. माझ्या डबीवरही पिवळे ठिपके आले. डीएनए जुळवून बघितला तर दोन्ही गोठ्यांतला जंतू एकच.

हे सांगायला ती आली तेव्हा धाकटा आणि आबा होते. मी विचारलं, "कुणाकडून कुणाकडं गेला?"

"ते नाही सांगता येणार, काका. एकच आहे एवढंच कळतं."

"आधी कुणाकडं होता ते तरी?"

"नाही."

"मला ते पाहिजे."

आबा म्हणाले, "तुझी पहिली पाळी असती तवा तुझ्या म्हशींची धार कोण काढतं?"

धाकटा काढतो. कारखान्याच्या पहिल्या पाळीला मी पहाटे बाहेर पडतो, तेव्हा भिंतीला वळसा घालून तो येतो, आधी माझ्या म्हशी पिळतो आणि मग स्वतःच्या. कधी आधी स्वतःच्या. तोच हात, तीच दुधाची कासांडी, कास पुसायचं तेच फडकं. त्याबद्दल त्यानं कधी काही मागितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"हात एकच, मग जंतू दोन कुठले?" आबा म्हणाले.

मी मुलीच्या हातातला तक्ता बघितला. पहिल्या ओळीत धाकट्याच्या म्हशीचा जंतू, त्याला नंबर, पुढं सगळी माहिती. माझ्या म्हशीच्या ओळीत फक्त लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'. खरं सांगायचं तर रोगापेक्षा मला तो शब्द जास्त लागला.

औषध मात्र बरोबर मिळालं. कोणती दोन लागू पडत नाहीत हे आधीच माहीत असल्यानं डॉक्टरांनी तिसरं दिलं. त्या काळात दोन्ही गोठ्यांतल्या आजारी म्हशींचं दूध टाकून द्यावं लागलं. मी माझं गटारीत ओतायचो तेव्हा भिंतीपलीकडून त्याचं ओतल्याचा आवाज यायचा. फडकी वेगळी झाली, प्रत्येक म्हशीला एक. धार काढायच्या आधी धाकटा साबणानं हात धुवायला लागला, माझ्या गोठ्यातल्या नळावर.

संक्रांतीनंतर दोन्हींचे नमुने साफ आले. मुलगीच सांगायला आली आणि धाकट्याला म्हणाली, "मामा, आता एक ऐकायचं. म्हैस साफ असली तरी कट्ट्यावर कच्चं देऊ नका. तापवून द्या."

मी तिला काका आणि तो मामा. हेही माझ्या लक्षात राहिलं.

"तापवलं तर धारोष्ण कसलं?" धाकटा म्हणाला.

"ज्यांना पचतं त्यांना पचतं. एखाद्याला नाही पचलं तर?"

त्यानं आबांकडे बघितलं. आबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हशीच्या शेजारी गॅसची शेगडी आणि कढई आली. बाकीच्या गवळ्यांनी त्याला सोडलं नाही.

"काय रं, म्हशीला थंडी वाजती काय?"

"भजी बी सोड की त्यात."

"सोडतो. तुझ्यापासनं सुरुवात करतो," धाकटा म्हणाला आणि पळी फिरवत राहिला. काही गिऱ्हाइकं गेली. काही राहिली.

त्याच संध्याकाळी मी घरी ग्लास भरला. तापवलेलं, गार केलेलं, साय वेगळी. आबांपुढं ठेवला. माझा हिशोब सरळ होता. आधी ते कच्च्या, ताज्या धारेसाठी तिकडे जायचे. आता तिकडेही तापवलेलंच होतं. मग जायचं कारण उरलं नव्हतं.

आबांनी ग्लास बघितला, टोपी घातली.

"स्कूटर काढ."

"आबा, हे बी तापवलेलंच हाय. तेच दूध हाय."

"व्हय, तेच हाय."

मी मग किल्ली घेतली. टेबलावरचा ग्लास बायकोनं झाकून ठेवला.

कट्ट्यावर गर्दी नव्हती. धाकट्यानं आबांना बघितलं, कढईतलं दूध भांड्यात घेतलं आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस आणला. ग्लास काठोकाठ भरला, थोडं खालीही सांडलं. मोजलं नाही. आबा सावकाश प्याले. मी गाडी चालू ठेवली होती. पेट्रोल जळत होतं म्हणून बंद केली आणि उतरलो. तिथं उतरायची माझी पहिलीच वेळ.

"मला बी दे एक."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दुसरा ग्लास घेतला, तसाच उंचावरून ओतला, तसाच सांडून भरला. दूध माझ्या घरच्यासारखंच होतं. जरा तळाला लागलेलं, इतकंच.

आबांनी मिशी पुसली आणि तीस रुपये दिले, धाकट्याला. मी तीस रुपये दिले, धाकट्याला. त्यानं दोन्ही घेतले.