पंधरावी नोंद

माझ्या वहीत चौदा नोंदी होत्या. पंधरावी नव्हती. ती का नव्हती, हे मी आजवर माझ्या घरी सांगितलेलं नाही.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. इंदिरानगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती, माणसं सात. प्रोग्रॅम आम्ही विंडोजवर लिहायचो, पण ग्राहकाचं मशीन परदेशात आणि तेही युनिक्सचं. इथे पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली की कोड तिकडे जायचा आणि त्या मशीनवर त्याचा चालता प्रोग्रॅम तयार व्हायचा. याला आम्ही बिल्ड म्हणायचो. त्यासाठी काही गोष्टी खिडकीत आधी सांगून ठेवाव्या लागत, म्हणजे कुठली लायब्ररी (तयार कोडचा संच) कुठल्या फोल्डरात आहे, कुठली आवृत्ती वापरायची, असं. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आज्ञेसोबत त्याही तिकडे जात. अशा चौदा नोंदी मी अनुक्रमांक घालून वहीत उतरवल्या होत्या.

त्या वर्षी पाडव्याला एक बाई आमच्याकडे लागल्या. माहेर सटाण्याचं, सासर पंचवटीत, वय तिशीच्या पुढे. मुलगी झाल्यावर चार वर्षं घरी होत्या. सहा महिने तात्पुरत्या, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. "सासूबाईंकडून सहाच महिने मागून घेतलेत," त्या म्हणाल्या होत्या. "दसऱ्यापर्यंत मुलीला त्या बघतील. कायम झाले तर पुढचं काहीतरी ठरवू, नाही तर मी परत स्वयंपाकघरात." वडिलांचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायच्या. शेवटी अहिराणीतलं एकच वाक्य ऐकू यायचं, "आजून पक्की नही शे, आण्णा."

गणपती झाल्यावर बिल्डचं काम त्यांच्याकडे आलं. पहिलंच बिल्ड पडलं. लायब्ररी सापडत नाही, असा संदेश. मी माझ्या मशीनवर तोच कोड चालवला, झाला. त्यांनी पुन्हा चालवला, पडला.

"विंडोजमध्ये दोन फोल्डरांच्या पत्त्यांमध्ये अर्धविराम, युनिक्समध्ये अपूर्णविराम," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "एवढं तरी लक्षात ठेवायला हवं, मॅडम."

त्यांनी चौदा नोंदी माझ्या वहीशी ताडून दाखवल्या. दोनदा. एक टिंबही चुकलं नव्हतं. तरी बिल्ड पडत राहिलं.

एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तुमच्या मशीनवर एकदा नवी खिडकी उघडून चालवून बघाल का? किंवा मशीन बंद करून परत चालू करून?"

मी मशीन कधी बंद करत नसे. लोडशेडिंगमध्येही ते इन्व्हर्टरवर चालू असायचं. तीच खिडकी कितीतरी दिवस उघडी असायची आणि त्याचा मला अभिमान होता.

"सदतीस दिवस हे मशीन बंद पडलेलं नाही," मी म्हणालो. "बिघाड तुमच्याकडे आहे, तो तिकडेच शोधा."

"अहो, सरांचं मशीन म्हणजे देवळातला नंदादीप," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "विझवला तर पाप लागेल!" सगळे हसले. त्याही हसल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी साहेबांनी मला बोलावलं. "बाईंना कायम करायचं का? तुमचं मत काय?"

"मत देत नाही, आकडे देतो," मी म्हणालो आणि तक्ता पुढे ठेवला. त्यांची बिल्डं नऊ, नऊही पडली. माझी नऊ, नऊही झाली. साहेबांनी तो एकदाच पाहिला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीनं बंद करून पूजा होते. आपल्याला कायम करणार नाहीत, हे बाईंना आदल्या दिवशीच कळलं होतं. शेवटचा दिवस म्हणून त्या आल्या, आणि पूजा त्यांनीच करावी असं कुणीतरी म्हणालं. हळदकुंकू घेऊन त्या माझ्या टेबलाशी थांबल्या.

"आज तरी बंद करा, सर."

मी केलं. त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं, बिल्ड चालवलं आणि ते पडलं. लायब्ररी सापडत नाही. अक्षर न अक्षर तोच संदेश.

मग आठवलं. गणपतीच्या आधी ग्राहकाची मेल आली होती की एक लायब्ररी दुसऱ्या फोल्डरात हलवली आहे. मेल फक्त मला होती. मी नवा पत्ता उघड्या खिडकीत टाइप केला, बिल्ड झालं आणि चहाला गेलो. वहीत लिहायचं राहिलं. खिडकी उघडी होती तोवर ती पंधरावी नोंद जिवंत होती, पण फक्त माझ्याकडे. माझ्या नऊपैकी नऊचा अर्थ एवढाच होता.

लगेच साहेबांकडे जायला हवं होतं. मी आधी नोंद सगळ्यांच्या मशीनवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घातली, तीन बिल्डं करून खात्री केली आणि गप्प बसलो. चार दिवस. पाचव्या दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, "दुसऱ्या माणसाला कालच हो म्हटलं हो. परवा बोलला असतात तरी..."

संध्याकाळी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. मुलगी ओट्यावर खेळत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, चार दिवसांसकट.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "नऊ वेळा तोच कोड, त्याच चौदा नोंदी. मग फरक खिडकीतच असणार. म्हणून तर बंद करा म्हणत होते."

"मी काय करू शकतो?"

"लिहून द्या. पुढे कुठे विचारलं तर दाखवायला. आणि घरीही दाखवायला. इथे सगळ्यांना वाटतंय, मला काम जमलं नाही."

मी खिशातलं पेन काढलं. एरवी पानंच्या पानं भरणारा माणूस, पण त्या आठ ओळींना वीस मिनिटं लागली. 'तांत्रिक त्रुटीमुळे सदर बिल्डं अयशस्वी झाली. त्यात बाईंचा दोष नव्हता,' असं लिहून खाली सही केली.

त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"सर, त्रुटी कुणाची ते राहिलं."

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"ऑफिसातले सर," त्या म्हणाल्या. "थोडं लिहायचं राहिलंय त्यांचं."

मी ओट्यावर बसलो. शेजारी मुलगी चिंचोके मोजत होती, सातानंतर थेट नऊ. मी 'तांत्रिक त्रुटी'ची ओळ खोडली आणि 'माझ्या' या शब्दाने नवी ओळ सुरू केली.