कंसातले तलाव

गोंदियातल्या एका कार्यालयात मी कंत्राटी प्रोग्रामर होतो. आपण नागपुरात शिकलोय हे सगळ्यांना कळावं, एवढी काळजी मी घेत असे. साहेबांनी काम दिलं: गावाचं नाव टाकलं की तिथल्या जुन्या तलावांची यादी निघाली पाहिजे. मी डेटाबेसमध्ये एक फंक्शन लिहिलं. प्रत्येक तलावाची एक ओळ, ओळीत चार रकाने: नाव, खोली, पाळीची म्हणजे बांधाची अवस्था आणि पाणी सोडायचं तुडुम चालू आहे की नाही.

फंक्शन बरोबर होतं, ते मागवायची माझी पद्धत चुकली. चारही रकाने कंसात गुंडाळून एकाच चौकटीत आले: (नवतलाव,12,बरी,t).

असं का झालं, मला कळेना. साहेबांना मात्र म्हणालो, "ही कॉम्पोझिट रचना आहे." त्यांनाही कळलं नाही, म्हणून त्यांना ती आवडली. लगेच छापून घेतली.

सडक अर्जुनी तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या बैठकीत यादी वाटली. ज्यांच्या पूर्वजांनी नवतलाव बांधला, ते एक म्हातारे शेतकरी कागद बराच वेळ न्याहाळत बसले. मग मला म्हणाले, "आमच्या तलावाले कंसात काऊन कोंडलं जी?"

मी रचना समजावू लागलो.

"ते राहू द्या. हे बारा म्हणजे हात का फूट?"

एकक कुठे लिहिलंय का, ते मी कागदावर शोधू लागलो.

"अन् हा टी? पाळीवर चहा भेटते का?"

लोक हसले. साहेबही हसले, जणू यादी शेजारच्या जिल्ह्याची होती. टी म्हणजे तुडुम चालू, असं मी सांगितलं.

"तीन वर्षं झाले, गाळानं बुजून आहे," म्हातारबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅन्युअल उघडलं. ते आधीच उघडायला हवं होतं. ओळी देणारं फंक्शन टेबलासारखं 'फ्रॉम'नंतर लिहायचं आणि त्याआधी सगळे रकाने मागणारी चांदणी (*) टाकायची. एका ओळीचा बदल. रकाने सुटे झाले, वर मथळे आले. 'टी'च्या जागी मी 'चालू' छापायची सोय केली. नवतलावापुढेही 'चालू'च आलं.

मग बसने नवतलावाच्या गावी गेलो, म्हातारबांबरोबर पाळीवर चढलो. तुडुमात गाळ होता, वर बेशरमाची झुडपं. परत येऊन मी 'चालू'चं 'बंद' केलं.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी बदललं?"

"मी. पाहून आलो."

"पाहायला कोणी सांगितलं होतं?"

पुढच्या छापील यादीत नवतलावाचं तुडुम पुन्हा चालू होतं. मथळे मात्र सुरेख आले होते.