भावजींना कीबोर्ड घ्यायचाय

देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने ही वस्तू आणि दुसऱ्याने ती वस्तू बघून डावं-उजवं करण्यासाठी, अशी आमच्या भावजींची पक्की समजूत आहे. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. हा गृहस्थ चपला घ्यायला गेला की एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरी अशा घालून चौकापर्यंत फेरी मारून येतो, आणि दुकानातला नोकर चोर पळाला असं समजून मागे धावतो. एकाच पोटदुखीसाठी ते दोन डॉक्टरांकडून औषध आणतात आणि कुठलं आधी लागू पडतंय ते बघण्यासाठी दोन्ही एकदम घेतात. मग पोट दुखायचं थांबतं, पण कुणामुळे थांबलं ते कळत नाही, म्हणून पुन्हा हळहळत बसतात. माझी जाऊ हे सगळं लग्नापासून सोसते आहे. लग्नाच्या वेळीही त्यांनी बराच घोळ घातला होता म्हणे, पण तो विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

चपला आणि औषधांपर्यंत मी काही बोलले नसते. पण नव्या कीबोर्डच्या पायी त्यांनी मला जो छळ लावला, त्याला तोड नाही. आमचा घरचाच छोटा ऑर्केस्ट्रा आहे. मी आठवडाभर शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीला गाते. आमचे हे सुपाऱ्या घेतात आणि निवेदन करतात. ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवणारे दोघे बाहेरून येतात. बाकी बासरी, सनई, गिटार आणि व्हायोलिनचा सगळा ताफा एकट्या भावजींच्या दहा बोटांतून निघतो. ते नोकरीला साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या काट्यावर आहेत. वाजवतात मात्र असे, की नवरीकडची माणसं जेवण सोडून स्टेजकडे येतात. ते मी नाकबूल करणार नाही. स्टेजवर मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहते, त्यांच्याकडून सूर घेते आणि डोळे मिटून गाते. आमचे हे मोठ्या तोऱ्यात सांगतात, "आजही मूळ पट्टीत गाणाऱ्या आमच्या गायिका!" मूळ पट्टी, म्हणजे गाणं ज्या उंचीवर पहिल्यांदा गायलं गेलं तीच उंची. ती सुटली की त्या दिवशी माईक खाली ठेवीन, हे मी चारचौघांत कितीतरी वेळा बोलून बसले होते.

तर त्यांच्या कीबोर्डची दशा झाली होती. जत्रांमधला भंडारा पट्ट्यांच्या फटीत बसून तो कायमचा पिवळा झाला होता. स्क्रीन विझलेली. एक पट्टी चिकटपट्टीने बांधलेली. गाणं रंगात आलं की हा मध्येच बंद पडायचा. नवा घ्यायला पैशाची अडचण नव्हती, घरात कुणाची ना नव्हती. अडचण एकच होती, की बाजारात एकापेक्षा जास्त कीबोर्ड मिळतात.

रोज संध्याकाळी ते माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि कीबोर्डच्या दोन जाती, वर्कस्टेशन आणि सिंथ, तोलत राहायचे. "वैनी, वर्कस्टेशन म्हंजे कसं हाय, मसाल्याचा डबा. तिखट, हळद, जिरं, समदं तयार. झाकाण काढलं की फोडणीला. आन् सिंथ म्हंजे पाटा-वरवंटा. चव आपली आपुन वाटून काढायची."

"मग डबा घ्या."

"घेतला असता की. पर लाईट जाऊन आली, तर वर्कस्टेशन जागं व्हईस्तोवर चहा हुतोय. सिंथ टक्कन उठतंय."

"मग सिंथ घ्या."

"त्यात आपलं ठेकं न्हाईत न्हवं!"

अहो, मी भाकरी थापायची की भावजींना थापायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त बाजू उलटी. काल सिंथचे वकील असलेले भावजी आज वर्कस्टेशनचे वकील. वर्कस्टेशनमध्ये एकाच बैठकीत अख्खं गाणं रचून ठेवता येतं, पण ते उचलायला दोन माणसं लागतात. सिंथ काखेत मारून एसटीत बसता येतं, पण आवाज बदलताना मध्ये किंचित खंड पडतो. तो खंड मला ऐकवण्यासाठी त्यांनी मोबाइलवर इतक्या वेळा वाजवला, की शेवटी भाकरी करपली. तिलाही त्यांनी नावं ठेवली.

एकदा त्यांनी दोन मित्रांचे दोन कीबोर्ड मागून आणले आणि कारखान्याच्या काट्यावर नेऊन ठेवले. ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट ऊस तोलणारा काटा तो. दोन्हींचं वजन शून्य भरलं. ते घरी येऊन मला गंभीरपणे म्हणाले, "वजनात काय फरक न्हाय." राजारामपुरीतल्या वाद्यांच्या दुकानात तर ते भंडाऱ्याची पुडी घेऊन गेले होते. "पावणं, जत्रंत वाजवायचं हाय. वाईच टाकून बगू का?" असं म्हणत त्यांनी पुडी सोडलीदेखील. दुकानदाराने लेकरावर आडवं पडावं तसं कोऱ्या कीबोर्डवर अंग टाकून तो वाचवला. तरीही त्या भल्या माणसाने पुढे भावजींसाठी एक स्टूल राखून ठेवलं. विकत घेणारे येतात आणि जातात, हे मात्र मुक्कामाला येतात, असं त्याला वाटलं असणार.

मग हुपरीचं लग्न आलं. चांदीच्या कामातलं मोठं घर, दारापुढे भरगच्च मांडव. माझं ठेवणीतलं गाणं मी सुरू केलं आणि पहिल्या कडव्यातच कीबोर्ड विझला. भावजींनी प्लग हलवला, दोन थापा मारल्या, घाम पुसला. लोक शिट्ट्या मारू लागले. तो एकदाचा जिवंत झाला तशी आमच्या ह्यांनी "पुन्हा पहिल्यापासून!" अशी घोषणा केली आणि भावजींनी घाईघाईने सूर दिला. मी धरला. ध्रुवपदातच घसा ओढल्यासारखा वाटला. अंतऱ्याला वर जाताना आवाज तुटला, साफ तुटला, आणि मी माईकपुढे नुसती तोंड उघडून उभी राहिले. समोरून एक आजी ओरडल्या, "बाई, पानी प्या की वाईच!" सगळा मांडव हसला. परतीच्या गाडीत मी भावजींना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या खटाऱ्यापायी माझी अब्रू गेली, लय बिघडली, जीव घाबरा झाला, म्हणून आवाज गेला, असं सगळं. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू काढणारा हा माणूस त्या रात्री एका शब्दाने बोलला नाही. मला वाटलं, चूक कळली.

येत्या रविवारी मी स्वतः दुकानात येणार आणि कीबोर्ड घेतल्याशिवाय आपण पायरी उतरणार नाही, असं मी जाहीर केलं. भावजींनी मला टाळायचा खूप प्रयत्न केला. "वैनी, तुमी कशाला तरास घेताय?" मी ऐकते होय! गेले. स्टुलावर त्यांची पिशवी आधीच विराजमान होती. दुकानदाराने एक वर्कस्टेशन आणि एक सिंथ शेजारी शेजारी मांडले. भावजींनी एकावर चार सूर वाजवले, बटणं दाबली, मग खाली वाकून सरळ प्लगच उपटला. पुन्हा लावला. स्क्रीन उजळेपर्यंत वाट बघितली. मग उठून कीबोर्डच्या उजव्या बाजूला दोन पावलांवर जाऊन उभे राहिले आणि मान तिरकी करून, डोळे बारीक करून तिथून स्क्रीनकडे बघू लागले. तेच सगळं दुसऱ्यावर. दुकानदार आता पुरता कावला होता. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काका, किती वेळा सांगू? ह्या सिंथमध्ये बटणाने पट्टी किती खाली उतरवली तो आकडा दिसत नाही, पण लाईट गेली की उतरवलेली पट्टी परत शून्यावर येते. वर्कस्टेशनमध्ये पट्टी लक्षात राहते, पण मग स्क्रीनवर मोठा आकडा दिसणारच. तुमच्या गाणाऱ्या बाईंना दिसला तर दिसला, काय बिघडतंय?"

भावजी माझ्याकडे बघेनात. ते उभे होते ती माझी जागा होती, स्टेजवर मी नेहमी उभी राहते ती. मग मला हुपरीचा तो सूर आठवला, आणि घाईत ते पट्टी पुन्हा उतरवायची विसरले होते तेही कळलं.

"किती उतरवलीय?" मी विचारलं.

"वैनी, चहा सांगू?"

"भावजी."

"तीन पट्ट्या," ते म्हणाले. "एकदम न्हाय हो. पयल्यांदा एकच. मग हळूहळू."

"ह्यांना ठाऊक आहे?"

"दादाला? छ्या! त्याला कुठला सूर कळतोय!"

मला बसायला जागा हवी होती आणि एकुलत्या एका स्टुलावर त्यांची पिशवी होती. असा संताप आला की काय सांगू. शाळेतल्या बायकांपुढे मी मिरवलेली मूळ पट्टी, नव्या मुलींना दिलेले धडे, डोळे मिटून गायलेलं ते सगळं, आणि शेजारी हा माणूस मुकाट्याने बटण दाबत होता! "मला सांगायचं नाही? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी चांगली ओरडले. दुकानदार आत निघून गेला.

"सांगून काय झालं असतं?" भावजी एरवी बोलतात तसेच मोठ्यांदा बोलत होते, पण त्यांचा आवाज धड नव्हता. "तुमी गायाचंच सोडलं असतं की! तुमचा सोभाव मला ठाऊक न्हाय व्हय? म्हटलं, लपंल असा एखादा मिळतोय का बगू. न्हाय मिळाला. जो ध्यानात ठिवतोय त्यो दाखवतोय, आन् जो दाखवत न्हाय त्येच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं असं मी त्यांना सांगितलं, पण ते सगळं रागाचं नव्हतं. रोज उंबऱ्यावर येऊन माझ्या डोक्याचं भरीत करणारा हा माणूस मला गाता यावं म्हणून वाद घालत होता, आणि ते मला सांगता येत नव्हतं म्हणून फोडणी आणि पाटा-वरवंटा चालला होता. मी पदर खोचला आणि दुकानदाराला हाक मारली. "लक्षात ठेवतो तो द्या."

"वैनी, आकडा दिसंल."

"दिसू दे."

पाच मिनिटांत खरेदी झाली. भावजींनी वजन केलं नाही, पुडी काढली नाही, दुसऱ्याकडे वळूनही बघितलं नाही. आता ते संध्याकाळी उंबऱ्यावर येतात आणि दोन मिनिटं बसून उठतात, कारण तुलना करायला काही उरलेलं नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. भाकरी मात्र करपत नाहीत.

नव्या कीबोर्डचा पहिला कार्यक्रम कसबा बावड्याला झाला. ह्यांना मी मूळ पट्टीचं वाक्य गाळायला लावलं होतं. का ते त्यांनी विचारलं नाही, फक्त एवढं जुनं वाक्य गेलं म्हणून थोडे रुसले. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. मन घट्ट करून स्क्रीनकडे बघितलं, तर त्यावर भावजींचा हातरुमाल टाकलेला. चौकड्यांचा, घडी मोडलेला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बल्बचा उजेड पडतोय त्येच्यावर."

आत आकडा तीन असेल, एखादे दिवशी चार होईल. रुमाल उचलून बघायला हात दर वेळी जातो, आणि मी तो मागे घेते. मला अजून गायचंय.