इथल्या राखणदाराला नाव सांगताना

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा खळं करत होते. पाऊस सरला की आमच्या कोकणात अंगणातलं गवत काढून, माती चोपून, शेणाने सारवून खळं करतात. मी बॅग घेऊन उभा, आणि बाबा विळा खाली ठेवून जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या आणि कधी सापाच्या रूपात दिसणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालत होते, की बाबा रे, बाजूला हो, आम्हाला हात घालू दे. 'इचारल्याशिवाय जमिनीक हात लावचो नाय,' हे त्यांचं ठरलेलं. मला एसटी चुकायची काळजी.

आता नोकरी वागळे इस्टेटमध्ये आणि घर कळव्यात, तळमजल्यावर. मागच्या चिमूटभर जागेवर भाळूनच फ्लॅट घेतला. बायको म्हणाली, पोरीला माती तरी मिळेल. माती मिळाली, आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवतही. गेल्या आश्विनात कपड्यांच्या दोरीखाली मला सापाची कात दिसली. अजून ओलसर होती.

तेव्हापासून मी जो घाबरलो तो घाबरलोच. आमची मीरा अडीच वर्षांची. दार उघडं दिसलं की मागच्या गवताकडे पळते. सर्पमित्र येऊन गेला, काही सापडलं नाही. 'गवत काढून टाका सर, टेन्शन नका घेऊ,' म्हणाला. बोलायला काय जातंय. मी ऑनलाइन गमबूट मागवले, विळा उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला तेव्हा तोंडातून आपसूक गाऱ्हाणं निघालं, आणि हाक मारली ती गावच्या राखणदाराला. अंगावर काटाच आला. एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्यालाच बोलावल्यासारखं झालं. इथला राखणदार कोण, कोणाच्या शेतावर ही बिल्डिंग उभी राहिली, मला काहीच ठाऊक नव्हतं.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, 'झिला, तेचा नाव म्हायत नाय, तर तुजा सांग. थय कोण रवता, ता तेका कळूक होया.' म्हणजे, तिथे कोण राहतं ते त्याला कळायला हवं.

गाववाल्यांनो, जे गावीच राहिलात त्या तुम्हाला हे सोपं वाटेल. जे पुण्याला, दुबईला गेलात ते समजून घ्याल. हात जोडून मी माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, आणि 'राहणार' म्हटल्यावर जीभ अडली. आजवर कोणी विचारलं की मी गावाचंच नाव सांगत आलोय. ग्रिल धरून मीरा बघत होती.

'राहणार इथेच,' मी म्हणालो. 'ही माझी मुलगी. लहान आहे. हिला ओळखून ठेव.'

गवतात काहीतरी सरकलं, की वारा होता, देव जाणे. थोडं थांबून मी कडेपासून कापायला घेतलं.

गवत निघालं, साप दिसला नाही, भीती मात्र गेली नाही. रोज सकाळी मागचं दार उघडण्याआधी मी मनातल्या मनात नमस्कार करतो. गावी गेलो की अजूनही बिनधास्त अनवाणी हिंडतो. तिथे राखणदाराला विचारायला बाबा आहेत, तिथली भीती बाबांची. ही माझी.