साडेअकराचा निळा

इटलीतल्या किओजा या मासेमारीच्या गावात दर दुसरा माणूस बोस्कोलो. नुसत्या आडनावावर पत्रं वाटायला निघालेला पोस्टमन पेन्शनीत निघेपर्यंत वाटतच राहील. म्हणून तिथे प्रत्येक घराला आडनावामागे आणखी एक नाव चिकटलेलं असतं आणि ते सरकारी कागदावरही चढतं. नोर्माच्या नवऱ्याचं घराणं पेनेलो, म्हणजे कुंचला. ओत्तोरिनो बोस्कोलो पेनेलो. आजा रंगारी, बाप रंगारी, हाही रंगारी.

रंगारी तरी कसा, तर पन्नास वर्षं समुद्राशी भांडलेला. किओजात खारं पाणी भिंतीच्या आतून वर चढतं आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. बाकीचे रंगारी वरून हात मारून मोकळे होत. ओत्तोरिनो भिंत थेट विटेपर्यंत खरवडायचा, चुना स्वतः भिजवायचा आणि गिलावा पुरता वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. घरमालक कावायचे, नोर्मासुद्धा कावायची. तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. पण त्याने हात लावलेली भिंत वीस-वीस वर्षं तक्रार करत नसे, आणि नोर्मा बाजाराला निघाली की मुद्दाम त्या भिंतींच्या कडेने जायची. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता.

मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरकडे तो एकटाच जायचा आणि परत आल्यावर ‘वय झालं म्हणतात’ एवढंच सांगून गप्प बसायचा. नोर्माने लेकीला डॉक्टरकडे धाडलं तेव्हा इतकं कळलं की दिवस कलला की त्याला सगळं राखाडी दिसतं, आणि पुढच्या वर्षी तेवढंही दिसेल याची हमी नाही.

त्याचं बघायचं एकच राहिलं होतं. पादोव्याच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनाघराचं निळं छत, जोत्तो नावाच्या चित्रकाराने सातशे वर्षांपूर्वी रंगवलेलं. पादोवा किओजाहून तासाभरावर, आणि तासाभरावरचं राहूनच जातं. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची भिंत. लेक लोरेदाना म्हणाली, आता पुरे, जायचंच. तिचा नवरा दाविदे विचेन्साकडचा, कॉम्प्युटरवर सगळं करणारा. त्याने नोव्हेंबरातल्या एका रविवारची साडेअकराची वेळ धरली. चार माणसं. तिथे पाव तास बंद खोलीत बसवतात, मग पाव तास आत सोडतात, आणि एकदा दार लागलं की पोपला सुद्धा उघडत नाहीत.

सकाळी ते पादोव्याला पोचले. आधी गावच्या संताच्या देवळात गेले, कारण पादोव्याला येऊन संताला हात न लावता जाणं नोर्माला जमलंच नसतं. तिने समाधीच्या दगडावर तळवा टेकवला आणि फक्त दुपारपर्यंतचा उजेड मागितला. मग कॉफी झाली आणि अकराला तिकीट-खिडकी.

खिडकीतली मुलगी म्हणाली, “बोस्कोलो, चार जण, साडेअकरा. ही तिकिटं मघाशीच नेली की.”

“कोणी नेली? आम्ही तर आत्ता येतोय,” दाविदे म्हणाला.

“बोस्कोलोंनी. माझ्याकडे आणखी एक बोस्कोलो आहेत, चार जण, संध्याकाळी पाच. ते तुम्ही असाल. बाकी आज सगळं भरलंय.”

नोर्मा जावयाकडे वळली. “पेनेलो लिहिलं होतंस ना?”

दाविदेचं तोंड उतरलं. “मला वाटलं ते टोपणनाव आहे. फॉर्मवर कशाला टोपणनाव…”

“बाबा रे, टोपणनाव तुमच्या विचेन्सात. आमच्याकडे तेच खरं नाव. बोस्कोलो तर काय, मांजरसुद्धा असते.”

पाचला बाहेर काळोख, आत दिव्यांचा उजेड. ओत्तोरिनोला पाचला नेणं म्हणजे राखाडी दाखवायला नेणं. तो मात्र बाकावर टोपी हातात घेऊन बसून होता. “जाऊ दे,” म्हणाला. “छत काही पळून जात नाही.”

छत पळत नव्हतं, डोळे पळत होते. नोर्मा काचेच्या दाराशी थांबलेल्या घोळक्याकडे तरातरा गेली आणि मासळीबाजारातल्या आवाजात विचारलं, “इथे किओजाचं बोस्कोलो कोण आहे?”

चार बायका एकदम वळल्या. मधली ठेंगणी, सोन्याच्या रिंगा घातलेली, म्हणाली, “मी. ओलिवा बोस्कोलो बिसातो. का गं, काय झालं?”

बिसातो म्हणजे वाम मासा, आणि हातून निसटण्यात हे घराणं वामेसारखंच, असं नोर्माची सासू म्हणायची. नोर्माने सगळं सांगितलं.

“म्हणजे आम्हाला पाचची होती होय?” ओलिवा म्हणाली. “वेळ भाचीने धरली, तिला बसचं कुठे ठाऊक. पण बाई, आमची चर्चची बस दोनला सुटते. पाचला येऊन मी काय करू, पादोव्यात संसार मांडू?”

“तुझा संसार तू बघ. माझ्या माणसाला दुपारनंतर दिसत नाही. आजचं राहिलं तर राहिलंच.”

“कोण तुझा माणूस?”

“पेनेलोंचा ओत्तोरिनो.”

ओलिवाने बाकाकडे पाहिलं. “आमच्या जिन्याला यानेच तीन आठवडे लावले होते. मी याला काय काय बोलले होते तेव्हा. सव्वीस वर्षं झाली, पोपडा नाही.” तिने आपलं तिकीट पुढे केलं. “एक देते. माझ्या बहिणी आणि नणंद सोडणार नाहीत, त्यांच्या तोंडाला लागू नकोस.”

“अगं पण तू?”

“मला काय, मी बाहेर बसते. खायला आणलंयस ना काही?”

नोर्माने नवऱ्याला उठवलं, कोटाची वरची गुंडी लावली आणि ओलिवाच्या धाकट्या बहिणीच्या दंडाला अडकवून दिलं. साडेअकराला दार सरकलं आणि बंद झालं. डॉक्टर सोडला तर लग्नाच्या शेहेचाळीस वर्षांत तो महत्त्वाच्या ठिकाणी तिच्याशिवाय पहिल्यांदाच चालला होता. लोरेदानाने दाविदेला कॉफी पाजायला नेलं, कारण तो अजून स्वतःला शिव्या देत होता. इकडे दोघी बाकावर बसल्या आणि कांद्या-व्हिनेगरात मुरलेली सार्डिन पावावर घेऊन खाल्ली. ओलिवाने कांदा कमी परतलाय असं सांगितलं. नोर्माने ऐकून घेतलं. त्या बाईचं त्या दिवशी काहीही ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

अर्ध्या तासाने मंडळी बाहेर आली. धाकटी बहीण तणतणत होती. “ओलिवा, तुझं तिकीट पाण्यात गेलं. हा माणूस सगळा वेळ भलतीकडे बघत होता. चित्र इकडे आणि याचं तोंड कोपऱ्याकडे. रखवालदाराने दोनदा सांगितलं, महाशय, ते मागे आहे.”

उशीरच झाला होता तर. नोर्मा उठून त्याच्यासमोर उभी राहिली. “ओत्तोरिनो, दिसलं का?”

“सगळं दिसलं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की तिला तो लग्नातला वाटला. “निळा सुकल्या गिलाव्यावर चढवलाय त्याने, म्हणून खालच्या चित्रांतल्या झग्यांवरून उडालाय. बरोबरच केलं, तो निळा ओल्यावर टिकत नाही. पण छत, नोर्मा. छत काय भरलंय त्याने. मला नाही जमलं असतं.”

“मग भलतीकडे का बघत होतास?”

“तसंच दिसतं आता. जिकडे सरळ बघावं तिथे मधोमध काळं भोक. बाजूला बघितलं की कडेने दिसतं. म्हणून कोपऱ्याकडे बघत छत बघितलं.”

“कधीपासून?”

“झालं वर्ष. तुला सांगितलं असतं तर शिडी काढून घेतली असतीस.”

वर्षभर जेवताना हा खिडकीकडे तोंड करून बसत होता. ती समोर वाढत होती, बोलत होती, आणि मनाशी म्हणत होती की इतक्या वर्षांनी याला बायकोचं तोंडही बघवत नाही. दोनदा तर ती त्यावरून रात्रभर रडली होती.

“म्हणजे जेवताना…” नोर्मा म्हणाली.

ओत्तोरिनोने मान फिरवली आणि बागेतल्या झाडाकडे नीट बघत राहिला. मग म्हणाला, “हनुवटीला कांदा लागलाय तुझ्या. पूस.”